गप्प बसण्याची पदवी

मी आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले ती वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही गप्प बसण्याच्या विषयात. ही बातमी घरी सांगितली तेव्हा नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याचं म्हणणं, हे निदान करायला एवढा मोठा अभ्यासक्रम कशाला हवा होता? त्याला विचारलं असतं तर त्याने लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच लेखी दिलं असतं.

माहेर माझं पेडण्यातलं धारगळ, सासर पाळीला आणि नोकरी डिचोलीच्या एका हायस्कुलात. सतरा वर्षं मी तिथे मराठी शिकवते. म्हणजे वेळापत्रकात तसं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मी सल्ले देते. कोणाचं लग्न जमत नाही, कोणाचं जमलेलं टिकत नाही, कोणाच्या सासूचा गुडघा धरलाय, कोणाचा मुलगा मोबाइल सोडत नाही, अशी सगळी मंडळी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येतात आणि मी डब्यातली भाजी खाता खाता त्यांचे प्रश्न निकालात काढते. त्यामुळे शाळेत आता समुपदेशक हवा असं वरून पत्र आलं तेव्हा सगळ्या स्टाफरूमने एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, आपण एवीतेवी हेच करतो, कागद तेवढा मिळवायचा.

तो कागद शनिवार-रविवारी देणारी एकच जागा निघाली. म्हापशाच्या अलीकडे एका टेकडीवर नन मंडळी चालवत असलेला, ख्रिस्ती समुपदेशनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. धर्माची अट नव्हती, पदवी पुरत होती. दादाला ही गोष्ट मुळीच आवडली नाही. हा माझा थोरला भाऊ, धारगळला हमरस्त्यावर त्याचं टायरचं दुकान आहे, आणि जगातल्या बऱ्याच गोष्टी त्याला आवडत नाहीत. बायकामाणसाने अशा ठिकाणी जाऊ नये, बाटवतील, असं तो आईसमोर म्हणाला. आई शेंगा सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तिका बाटवूक गेल्यार तेच बाटून येतले." विषय तिथेच संपला.

प्रवेशाची मुलाखत घेतली ती सिस्टरने. पुढे दोन वर्षं जिने मला छळलं ती हीच. साठीच्या आसपासची, बारदेशातली, जाड भिंगांचा चष्मा आणि हातात कायम एक तांबडी पेन्सिल. बाकीच्यांशी ती कोकणी नाहीतर इंग्रजी बोलायची, माझ्याशी मात्र हट्टाने मराठी, तेही शाळेच्या पुस्तकातलं. तिने मला दोनच प्रश्न विचारले. पहिला, देव मानता का? मी म्हटलं, मानते, पण फार अवलंबून राहत नाही. तिने काहीतरी लिहून घेतलं. दुसरा प्रश्न, समोरचा माणूस रडायला लागला तर तुम्ही काय करता? याचं उत्तर मला पाठच होतं. पाणी देते, पाठीवरून हात फिरवते आणि सांगते की काही होत नाही, सगळं ठीक होईल. सिस्टरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. हे विसरायला तुम्हाला पूर्ण दोन वर्षं लागतील, म्हणाली, आणि प्रवेश दिला. मला तेव्हा वाटलं, बाई विनोदी आहे.

वर्गात आम्ही आठजण. तीन नवशिक्या नन, दोन ब्रदर, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एक तारवटी आणि मी. तारवटी म्हणजे बोटीवर नोकरी केलेला माणूस. हा गडी तीस वर्षं समुद्रात स्वयंपाकी होता आणि आता चर्चमध्ये लोकांच्या उपयोगी पडायचं त्याच्या मनात आलं होतं. तास सुरू होण्यापूर्वी पाळीपाळीने प्रत्येकाने मोठ्याने प्रार्थना करायची असायची, मनाला येईल ती. नन मंडळी सुंदर बोलायची, डोळे मिटून, एकही शब्द न अडखळता. तारवटी वादळात सापडलेल्या सर्वांसाठी प्रार्थना करायचा, मग दिवस कितीही कोरडा असो. माझी पाळी आली तेव्हा माझी तत-पप झाली. शेवटी मी म्हटलं, देवा, सगळ्यांना सुबुद्धी दे, आणि डिचोलीची बस पाच वीसला सुटते हे सिस्टरच्या ध्यानात आणून दे. ब्रदर मंडळींनी मोठ्याने आमेन म्हटलं, कारण त्यांनाही कुठे कुठे जायचं होतं.

खरा घोळ झाला तो सरावाच्या तासाला. तिघांचा गट करायचा. एकाने आपली काहीतरी अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायचं, तिसऱ्याने घड्याळ आणि कागद घेऊन ऐकणाऱ्यावर नजर ठेवायची. ऐकणाऱ्याने दहा मिनिटं सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, स्वतःची गोष्ट सांगायची नाही. हुंकार द्यायला परवानगी. मला वाटलं, हे काय शिकायचं असतं? तारवट्याने सांगायला सुरुवात केली की निवृत्त झाल्यापासून त्याला झोप येत नाही, जमीन हलत नाही म्हणून. मी चाळीस सेकंद गप्प बसले. मग मी त्याला जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं, डोक्याला खोबरेल लावायला सांगितलं, दुपारची झोप बंद करायला लावली, आणि माझ्या सासऱ्यांना हाच त्रास होता तेव्हा आम्ही काय केलं हे सविस्तर ऐकवलं. घड्याळ धरलेली नन हसू दाबत होती. तारवटी मात्र खूश होता, त्याने जायफळाचं प्रमाण लिहून घेतलं. सिस्टरने माझ्या कागदावर तांबड्या पेन्सिलीने फक्त चाळीस हा आकडा लिहिला आणि त्याला गोल केला.

यात माझा दोष थोडा आणि आमच्या मुलखाचा जास्त. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं ही एक कला आहे. शहाळं किंवा ग्लुकोजची बिस्किटं घेऊन जायचं, खाटेच्या पायथ्याशी बसायचं, तोंड वाईट झालंय असं एकदाच म्हणून लगेच मागे घ्यायचं, आणि मग त्याच आजाराचे आपल्याला ठाऊक असलेले सगळे रोगी एकेक करून खडखडीत बरे करून दाखवायचे. जे मेले ते गाळायचे. आजाऱ्याने तोंड उघडायचं ते शहाळं प्यायला. या कलेत पेडण्यापासून डिचोलीपर्यंत माझा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही बाई मला सांगत होती की ते सगळं चूक.

दुसऱ्या वर्षी आम्हाला इस्पितळात पाठवायला लागले. आठवड्यातून एकदा वॉर्डात जायचं, एका रुग्णाजवळ बसायचं, आणि घरी येऊन ते संभाषण आठवून शब्दन्‌शब्द लिहायचं. डावीकडे तो काय म्हणाला, उजवीकडे आपण काय म्हणालो, खाली आपल्याला आतून काय वाटलं. याला व्हर्बेटिम म्हणतात. मग ते वर्गात सर्वांसमोर वाचायचं. माझ्या कागदांवर उजवी बाजू नेहमी डावीच्या तिप्पट असायची. जिथे जिथे मी 'काही होत नाही' असं लिहिलेलं असे, तिथे सिस्टर खाली रेघ ओढून समासात एकच प्रश्न लिहायची, यानं भीती कोणाची गेली? मी तिला म्हटलंसुद्धा, सिस्टर, एकदा रबरी शिक्काच करून घ्या. ती म्हणाली, विचार चालू आहे.

त्याच वर्षी, मार्चमध्ये, आईचं दुखणं कळलं.

पोट दुखतं, जेवण जात नाही, असं दोन महिने चाललं होतं. दादाने तिला बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, तपासण्या झाल्या, आणि एका संध्याकाळी त्याने मला दुकानात बोलावून घेतलं. कॅन्सर होता, पोटात, आणि पसरलेला. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पावसाळा निघाला तर निघाला. आईला कळता कामा नये, ती हाय खाईल, हे दादाने ठरवून टाकलं होतं. तिला अल्सर सांगायचा. वहिनीला, काकाच्या घरच्यांना, सगळ्यांना ताकीद गेली होती. रिपोर्टची फाइल घरात नको म्हणून त्याने ती दुकानात जुन्या ट्यूबांच्या ढिगाखाली लपवली होती. आमच्या आईला अक्षरं नीट येत नव्हती, पण कुठल्याही ढिगाखाली हात घालायची तिला सवय होती, लहानपणी आमच्या सिगारेटी तिने अशाच पकडल्या होत्या. दादाच्या, म्हणजे. माझी एकदाच.

मी त्याला हो म्हटलं. एका क्षणात म्हटलं, विचारही केला नाही. वर दादा म्हणाला, तू ते मनाचं शिकतेस ना, मग तिचं मन रमव. आणि मी दर रविवारी वर्ग सुटला की टेकडी उतरून पेडण्याची बस धरायची आणि आईचं मन रमवायची.

तिने बोलायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एका रविवारी ती जनेलापाशी, खिडकीखाली, खाट ओढून पडली होती. परसातल्या फणसाकडे बघत म्हणाली, "ह्या पोटातलां काय बरां दिसना गो माका." मी लगेच पाळीच्या आमच्या शेजारणीला हजर केलं. तिलाही असंच झालं होतं, सहा महिने अन्न जात नव्हतं, आता बघ, कमरेत वाकून भात लावते. शेजारणीला झालं होतं ते पित्त, पण ते सांगायची गरज नव्हती. आई म्हणाली, बरां. पुढच्या खेपेला तिने विचारलं, आपल्या माघारी देवाच्या कोनाड्याकडे कोण बघणार? मी म्हटलं, माघारी कसली, तुझा पणतू बघशील. तिसऱ्या खेपेला तिने नुसता माझा हात धरला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मी उठून चहा ठेवायला गेले. शिकलेली बाई मी. खिशात दीड वर्षाची हजेरी.

बसमध्ये परत येताना मला ते सगळं कळत होतं. कुठे गप्प बसायला हवं होतं, कुठे काय विचारायला हवं होतं, सगळं पानावर छापल्यासारखं दिसत होतं. मग मी एक लबाडी केली. त्या आठवड्याचं व्हर्बेटिम मी आईचं लिहिलं. वॉर्डातली एक वृद्ध स्त्री असं वर घातलं, डावीकडे आईची वाक्यं, तिचं जनेलातून फणसाकडे बघणंसुद्धा, जशीच्या तशी ठेवली, आणि उजवीकडे मी बोलायला हवी होती ती वाक्यं घातली. 'पोटातलं बरं दिसत नाही, असं तुम्हाला वाटतंय.' 'माघारीचा विचार येतो तेव्हा काय काय मनात येतं?' दोन ठिकाणी कंसात 'मी गप्प' असं लिहिलं. ते कंस मला फार आवडले. वर्गात वाचलं तेव्हा तारवट्याने डोळे पुसले आणि नन मंडळी माझ्याकडे आदराने बघू लागली, पहिल्यांदाच.

सिस्टरने तास संपल्यावर मला थांबवून घेतलं. तिच्या हातात माझा कागद होता आणि त्यावर तांबडी खूण एकच, 'फणस' या शब्दाखाली. तिने विचारलं, त्या वॉर्डाच्या कुठल्या खिडकीतून फणसाचं झाड दिसतं? वीस वर्षं मी तिथे जाते, म्हणाली, तिथून जनरेटर दिसतो. मग तिने सरळ विचारलं, "ही कोण?"

"आई," मी म्हटलं.

"यातलं किती झालं?"

"तिचं सगळं. माझं काहीच नाही."

तिने कागद परत दिला आणि नापास केलं. मला असा संताप आला की मी तोंडाला येईल ते बोलले. तुम्हाला काय जातं, तुम्हाला ना घर ना दार, ना दादा ना वहिनी. झगा घालून टेकडीवर बसायचं आणि लोकांच्या आयांबद्दल पेन्सिली चालवायच्या. मला वाटलं आता ती मला हाकलून देईल. ती बसून राहिली. काही बोलली नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, माझ्यावरून नजर काढली नाही. आणि दीड वर्ष जे मला शिकवत होते ते काय होतं हे मला तेव्हा कळलं, कारण ते माझ्यावर चाललं होतं. मी रडायला लागले. पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी होता, तो तिने पुढे केला नाही, बाई मोठी कठोर. मी रडून संपले तेव्हा म्हणाली, "तुमची आई तीनदा बोलायला आली. तीनदा तुम्ही तिला परत पाठवलंत. तिच्याकडे किती वेळा उरल्या आहेत?"

मी तशीच दादाच्या दुकानात गेले. सांगूया, म्हटलं. तिला विचारायचं आहे आणि आपण कोणी विचारू देत नाही. दादा एका ट्रकचं चाक खोलत होता. तो ओरडेल अशी माझी तयारी होती, पण तो तिथेच चाकावर बसला आणि पंक्चरच्या फडक्याने डोळे पुसायला लागला. तोंडभर काळं झालं. म्हणाला, तू आठवड्याला एकदा येतेस आणि जातेस, मी तिला रोज सकाळी बघतो. तिने मला विचारलं की मी मरणार का, तर मी काय सांगू? मला नाही जमणार. त्याने दुकानातल्या देवाच्या तसबिरीवर माझा हात ठेवून घेतला आणि शपथ घातली. मी घेतली. त्या काळ्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही. म्हणजे आता माझ्याकडे एका बाजूने सिस्टर आणि एका बाजूने शपथ, आणि मध्ये आई, जिला वेळ नव्हता.

मे महिन्याच्या शेवटी दादाने गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे देवाशी परस्पर बोलत नाहीत. गाऱ्हाणं घालणारा मानकरी असतो, तो देवासमोर उभा राहून तुमच्या वतीने तुमची अडचण मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो 'म्हाराजा' म्हणाला की मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. लहानपणापासून हे इतक्या वेळा म्हटलेलं असतं की तिथे डोकं लागत नाही. तोंड आपलं आपण उघडतं. आईला घरी ठेवायचा बेत होता, पण ती नवं लुगडं नेसून रिक्षात आधी जाऊन बसली आणि कोणाचंही ऐकलं नाही.

देवळात आम्ही सातआठजण होतो. दादा, वहिनी, मी आणि काकाकडची मंडळी. मानकऱ्याने नेहमीप्रमाणे विचारलं, कसलं गाऱ्हाणं? इथे आडपडदा चालत नाही, देवाला नेमकं सांगावं लागतं, नाहीतर तो नेमकं करणार काय? दादाने घसा खाकरला आणि सांगितलं, आईच्या अंगात थोडी कसर आहे, आणि घरात सुखशांती हवी. मानकऱ्याने नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरू केलं. बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान आज तुझी आठवण केल्यान. व्हय म्हाराजा. तेच्या आवशीच्या अंगात जी काय थोडी कसर आसा, ती दूर कर रे म्हाराजा. व्हय म्हाराजा.

"थांब रे बाबा," आई म्हणाली.

ती खांबाला धरून उभी होती. मानकरी थांबला. आईने पदर डोक्यावरून घेतला, दोन पावलं पुढे गेली आणि त्याच चालीत, त्याच आवाजात, जणू ती सात पिढ्या तिथे गाऱ्हाणीच घालत होती, बोलायला लागली.

"बा देवा म्हाराजा, ह्या माज्या झिलान हाडलेलो नारळ तू मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"घरची सगळी माणसां माज्यावर माया करतत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माज्या पोटात कॅन्सर आसा, आनी माका तो ठावक नाय असां ह्यांका वाटता रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही सगळे म्हणालो. काका सर्वांत मोठ्याने.

मी दादाकडे पाहिलं, त्याचं तोंड अजून उघडंच होतं. वहिनीने दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं होतं, पण शब्द जायचे ते गेले होते, देवासमोर, एका सुरात. मानकरी जुना माणूस, त्याने अशा वेळी करायचं तेच केलं, नारळ फोडला आणि पाणी सगळीकडे शिंपडलं. आई आमच्याकडे वळली. तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी सरळ सांगते, विजय म्हणतात. तीन महिने आम्ही सगळ्यांनी मिळून रचलेलं तिने तीन वाक्यांत उघडं केलं होतं, आणि तेही आमच्याच तोंडून.

पायऱ्या उतरताना वहिनी हुंदके देत तिला विचारत होती, तुम्हाला सांगितलं कोणी? मला वाटलं फाइल. पण आईने सांगितलं की फाइल-बिइल तिने पाहिली नव्हती. म्हणाली, बावीस वर्षं तू माझ्याशी रोज भांडलीस. मार्चपासून एक दिवस भांडली नाहीस. मासळीत मीठ जास्त पडलंय म्हटलं तरी हो म्हणतेस. तेव्हा मला कळलं, आता आपलं काही खरं नाही. वहिनी त्यावर रडता रडता हसली आणि मीठ जास्त नव्हतंच म्हणाली. आईला बरं वाटलेलं दिसलं.

त्या दुपारी जेवणं झाल्यावर ती खाटेवर आडवी झाली आणि मी खाली चटईवर बसले. तिने विचारलं, किती दिवस? माझ्या जिभेवर शेजारीण येऊन उभी होती, भात लावत. मी तिला गिळलं. म्हटलं, डॉक्टर म्हणाले पावसाळा निघाला तर निघाला. आईने बोटांवर काहीतरी मोजलं, बहुतेक चतुर्थी धरली असेल. मी उठले नाही. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं म्हणून चटईची काडी धरून बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "माका भंय दिसता."

कसलं, मी विचारलं. आणि गप्प बसले. खरोखर गप्प बसले, कंसाशिवाय. तिने सांगितलं. मरण्याचं भय नाही असं नाही, म्हणाली, पण त्याहून वेगळं आहे. शेवटच्या वेळी मी विचारीन आणि तुम्ही पुन्हा खोटं बोलाल, मग मला कळणारच नाही आता काय चाललंय ते. सगळे खाटेभोवती हसऱ्या तोंडाने उभे असतील आणि मी एकटीच असेन. तीन महिने मी तशीच आहे, म्हणाली. त्यानंतर ती तासभर बोलत होती, कोनाड्यातल्या देवांचं, दादाच्या रागाचं, माझ्या जन्मापूर्वी गेलेल्या एका बहिणीचं, जिच्याबद्दल मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मला त्रेचाळीस वर्षांत आई इतकी कधी भेटली नव्हती, आणि मला तिचा आणि माझा दोघींचा भयंकर राग आला, की हे आता. शेवटी तिने मला सांगून ठेवलं की ती विचारील तेव्हा मी खरं सांगायचं. मी कबूल केलं.

सिस्टरला मी दुसऱ्या शनिवारी सगळं सांगितलं. मला वाटलं ती गहिवरेल, निदान खांद्यावर हात तरी ठेवेल. तिने ऐकून घेतलं, सोमवारपर्यंत नवं व्हर्बेटिम दिलं तर चालेल म्हणाली. मी ते दिलं नाही. एक सत्र मागे पडले, पदवी पुढच्या वर्षी घेतली. शाळेत माझ्या खोलीवर आता समुपदेशक अशी पाटी आहे, आणि पूर्वीची मंडळी कुरकुरत असतात की हल्ली बाई काही सांगतच नाहीत.

आईने चतुर्थी पाहिली. खाटेवरून वहिनीशी मोदकांच्या सारणावरून दोनदा भांडली. त्यानंतरच्या आठवड्यात मी रजा काढून धारगळलाच राहिले होते. एका सकाळी पाव देऊन पदेर नुकताच गेला होता, वहिनी चुलीपाशी होती, दादा दुकानाची किल्ली शोधत होता. आईने डोळे उघडले. श्वास वरवरचा चालला होता, पण नजर अगदी स्वच्छ होती, माझ्यावर. तिने विचारलं, "वेळ जाली मगो?"

जुनी सगळी वाक्यं एकदम आली. काही होत नाही, झोप जरा, चहा ठेवते. मला ती म्हणायची इतकी इच्छा झाली की दात दुखले.

"व्हय गो आई," मी म्हटलं.

ती म्हणाली, बरां, त्या दोघांनाही इथे बसव. मी हाक मारली. दादा आला आणि तिच्या पायांशी बसला, वहिनी पदराला हात पुसत आली. तिला मागे चुलीकडे बघताना पाहून आई म्हणाली, दूध राहू दे. आम्ही तिघं बसलो. दूध उतू जाऊन करपल्याचा वास घरभर झाला, पण कोणी उठलं नाही.